विश्लेषण : पहिली चिठ्ठी निघाली की दुसरीची शक्यता का बदलते? पां. वा. सुखात्मे आणि पीक कापणी प्रयोग

जालना जिल्ह्यात उत्पादनावर आधारित पीक विम्याची भरपाई ठरवताना महसूल मंडळातले प्रत्येक शेत मोजले जात नाही. मोजकी शेते यादृच्छिक पद्धतीने निवडून तिथे पीक कापणी प्रयोग होतो. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव अग्रभागी आहे.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 मध्ये त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले आणि 1936 मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. 1940 मध्ये ते कृषी संशोधन परिषदेत दाखल झाले, तेव्हा पिकाचा अंदाज नजरेने, आण्यांत सांगितला जाई. सुखात्मे यांनी त्याऐवजी चिठ्ठीने शेत निवडून साधारण 10 बाय 5 मीटरचा तुकडा कापायचा आग्रह धरला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांना लहान तुकडे पुरेसे वाटत. पण लहान तुकड्यात दोरीवरची रोपे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे सुखात्मे यांनी चाचण्यांतून दाखवले.

आता चिठ्ठीचे गणित. समजा, गावात सोयाबीनची 10 शेते आहेत, त्यातली 4 पाण्याखाली गेली. दोन शेते निवडायची आहेत. पहिले बुडालेले निघण्याची शक्यता 10 पैकी 4. ती चिठ्ठी परत टाकत नाहीत, कारण तेच शेत दोनदा मोजून नवे काही कळत नाही. म्हणून पहिले बुडालेले निघाले तर दुसऱ्यासाठी 9 पैकी 3, पहिले चांगले निघाले तर 9 पैकी 4. हीच सशर्त शक्यता.

दोन्ही शेते चांगली निघण्याची शक्यता 6/10 गुणिले 5/9, म्हणजे एक तृतीयांश. चिठ्ठी परत टाकली असती तर ती 36 टक्के झाली असती. फरक छोटा, पण शेतकऱ्याच्या बाजूचा. तरीही तीनपैकी एकदा बुडालेले गाव कागदावर हिरवेगार दिसेल! दोन शेतांवर भागत नाही ते यामुळेच.

1951 पासून सुखात्मे रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख होते. नमुना पाहणीवरचा त्यांचा ग्रंथ 1954 मध्ये आला. 1971 मध्ये पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर पुण्यात त्यांनी नवाच वाद अंगावर घेतला : माणसाची उष्मांकांची गरज रोज बदलते, मग गरिबीची रेषा एकाच आकड्यावर कशी आखायची? 1997 मध्ये त्यांचे निधन झाले.