टोपीची पिन आणि अडलेलं इंजिन

मैत्रिणींनो, गाडीचं बॉनेट उघडलं की आपण बायका दोन पावलं मागे सरकतो. ते काम पुरुषांचं, असं मनात पक्कं बसलेलं असतं ना! पण जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनं केला आणि वाटेत अडलेली गाडीही तिनंच मार्गी लावली. तिचं नाव बेर्था बेंझ.

बेर्थाचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतल्या फोर्झहाइम गावी झाला. माहेर खातंपितं. कार्ल बेंझ या हुशार पण कफल्लक इंजिनिअरशी तिचं लग्न ठरलं. त्याच्या भागीदाराशी पटेना, कारखाना बुडायची वेळ आली. तेव्हा बेर्थानं लग्नाआधीच आपल्या हुंड्याचे पैसे घालून तो वाचवला. १८७२ मध्ये लग्न झालं. पुढची कितीतरी वर्षं ओढाताणीची गेली. पदरी चार मुलं. १८८६ च्या जानेवारीत कार्लनं तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. गाडी तयार होती, पण घेणार कोण? लोकांचा विश्वासच बसेना. कार्लचा स्वभावही भिडस्त.

मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था एका पहाटे नवऱ्याला न सांगता उठली. पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड यांना घेऊन ती मानहाइमहून माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे, पेट्रोल पंप कुठला असायला! वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून तिनं लिग्रोइन नावाचं डाग काढायचं द्रव्य विकत घेतलं. तेच त्या गाडीचं इंधन.

आता इंजिन अडण्याची गोष्ट. मागे आमच्या जुन्या गाडीला दुसरं इंजिन बसवलं. घरी आणली तर उभी असताना थरथरायची आणि अॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडखळून मग पुढे जायची. मेकॅनिक म्हणाला, वहिनी, इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. काढ-घालीत एखादा हवेचा पाइप सैल राहतो, वायर नीट बसत नाही, नाहीतर टाकीतला गाळ पेट्रोलच्या वाटेत येतो. घाईनं महागडे पार्ट बदलायचे नाहीत, एकेक तपासत जायचं. आमचा हवेचा पाइपच सैल निघाला.

बेर्थानंही असंच एकेक पाहिलं. इंधनाची नळी तुंबली, तर टोपीची पिन घालून तिनं ती मोकळी केली. ठिणगीच्या वायरवरचं आवरण गेलं, तेव्हा मोज्याचा इलॅस्टिकचा पट्टा तिथे गुंडाळला. चेन लोहाराकडून दुरुस्त करून घेतली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर मात्र पोरांना गाडी ढकलावी लागली.

संध्याकाळी माहेरी पोचल्यावर तिनं नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीतून ती परतलीसुद्धा! चढासाठी आणखी एक गिअर हवा, हे तिनंच कार्लला सुचवलं आणि त्यानं ते मानलं. या प्रवासाची चर्चा झाली आणि गाडीकडे लोकांचं लक्ष गेलं.

पेटंटवर नाव कार्लचं एकट्याचं. १९२९ मध्ये तो गेला. १९४४ मध्ये, पंच्याण्णवाव्या वाढदिवशी, कार्लस्रूहच्या तंत्रविद्यापीठानं बेर्थाला मानाचं पद दिलं. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, तिनं डोळे मिटले. २००८ पासून तिच्या वाटेला तिचं नाव आहे.

बचत गटातल्या बायकांना मी हे सांगते तेव्हा पिनेवर सगळ्या हसतात. मला मात्र हुंड्याचे पैसे आठवतात. ते तिचे होते, कुठे घालायचे हे तिनं ठरवलं. आपल्यातल्या किती जणी आपल्या पैशाचं असं ठरवू शकतात?