रेव्हरंड थॉमस रॉबर्ट माल्थस

जगांत माणसें फार झालीं अशी चर्चा निघाली, कीं माल्थस हें नांव हटकून निघतें. दुष्काळ व रोगराई यांच्या योगें निसर्ग लोकसंख्या आटोक्यांत ठेवतो, मनुष्यानें त्याच्या आड येऊं नये, असें या गृहस्थांचें मत होतें अशी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, हें त्यांच्या चरित्रावरून पाहूं.

माल्थस यांचा जन्म ता. १३ फेब्रुवारी १७६६ रोजीं इंग्लंडांतील सरे परगण्यांत डॉर्किंग गांवाजवळ झाला. वडील डॅनिअल हे सुखवस्तु व विद्याव्यासंगी असून रूसो या तत्त्ववेत्त्याचे चाहते होते. माल्थस यांचा ओठ व टाळू जन्मतःच दुभंगलेलीं होतीं. त्यामुळें त्यांचे उच्चार स्पष्ट होत नसत. पण या व्यंगानें ते खचले नाहींत. १७८४ सालीं ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत दाखल झाले व १७८८ सालीं गणिताच्या परीक्षेंत नववे रँग्लर झाले. पुढें धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन त्यांनीं सरे परगण्यांतीलच ओकवुड येथील लहानशा देवळांत सेवा पत्करली. खेड्यांतील मजुरांचीं मुलें वयाच्या मानानें खुजीं राहतात, ही गोष्ट त्यांच्या नजरेंतून सुटली नाहीं.

तो काळ फ्रान्समधील राज्यक्रांतीचा होता. मनुष्यजात लवकरच पूर्णत्वास पोंचेल व दारिद्र्य नाहींसें होईल, असें गॉडविन व काँदोर्से हे लेखक प्रतिपादीत होते. डॅनिअल यांस हें पटे, मुलास पटेना. पितापुत्रांच्या या वादांतूनच १७९८ सालीं लोकसंख्येच्या तत्त्वावरील प्रसिद्ध निबंध जन्मास आला. पहिल्या आवृत्तीवर लेखकाचें नांवही नव्हतें. त्यांतील युक्तिवाद शाळेंतील मुलासही समजेल असा आहे. अडथळा न आल्यास लोकसंख्या दर पंचवीस वर्षांनीं दुप्पट होईल, म्हणजे १, २, ४, ८, १६ अशी वाढेल; धान्य मात्र फार तर १, २, ३, ४, ५ असें वाढेल. शंभर वर्षांत खाणारीं तोंडें सोळापट, आणि अन्न पांचपट! ही तफावत शेवटीं उपासमार, रोग व दुराचार यांनीं भरून निघते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या पुस्तकानें मोठी खळबळ उडाली. तथापि माल्थस आपल्याच निष्कर्षाला कवटाळून बसले नाहींत. प्रत्यक्ष पुरावा पाहण्यासाठीं ते प्रवासास निघाले. १७९९ सालीं नॉर्वे, स्वीडन व रशिया आणि १८०२ सालीं फ्रान्स व स्वित्झर्लंड हे देश त्यांनीं पाहिले. नॉर्वेमध्यें घर व उपजीविका यांची सोय झाल्याशिवाय तरुण सहसा लग्न करीत नसत, आणि तेथें मृत्यूचें प्रमाणही कमी होतें. म्हणजे निसर्गाचा तडाखा बसण्यापूर्वीं मनुष्याला स्वतःला आवरतां येतें! १८०३ च्या आवृत्तींत त्यांनीं या आत्मसंयमाच्या मार्गाची भर घातली. कुटुंब पोसण्याची ऐपत येईपर्यंत विवाह लांबवावा व तोंवर शुद्ध आचरण ठेवावें, हा तो मार्ग होय. त्यासाठीं गरिबांच्या मुलांकरितां शाळा काढाव्या असेंही त्यांनीं सुचविलें. कृत्रिम उपाय मात्र त्यांस मान्य नव्हते. सारांश, सर्व कांहीं निसर्गावर सोडा असें त्यांचें सांगणें नव्हतें. निसर्गाचा मार्ग क्रूर आहे, म्हणून मनुष्यानें आधींच विवेक करावा असें होतें.

असें असलें तरी त्यांच्या विचारांची दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य नाहीं. गरिबांस कायद्यानें मिळणारी मदत लोकसंख्या व दारिद्र्य वाढविते, म्हणून ती क्रमाक्रमानें बंद करावी, असें त्यांचें मत होतें. धर्मोपदेशकाच्या लेखणींतून हें यावें याचें अनेकांस दुःख झालें. मनानें मात्र ते प्रेमळ व शांत होते. हॅरिएट मार्टिनो या लेखिका बहिऱ्या होत्या. तरीही, उच्चारांतील दोष असूनही, माल्थस यांचें बोलणें त्यांस कर्णनलिकेवांचून ऐकूं येई.

१८०४ सालीं त्यांचा विवाह झाला. १८०५ पासून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या विद्यालयांत इतिहास व अर्थशास्त्र शिकवूं लागले. हें विद्यालय पुढें हेलिबरी येथें गेलें. हिंदुस्थानांत अधिकारी म्हणून यावयाचे तरुण तेथें शिकत. लोकसंख्या या इंग्रजी शब्दाचा पहिला तुकडा घेऊन ते आपल्या गुरूंस पॉप म्हणत. डिसेंबर १८३४ मध्यें बाथ येथें माल्थस यांचा अंत झाला. पुढें १८३८ सालीं डार्विन यांनीं हाच निबंध वाचला आणि त्यांच्या उत्क्रांतिवादास त्यांतून चालना मिळाली.

गुरूंच्या विचारांतील कठोर भाग त्यांच्या पश्चात् आपल्या देशापर्यंत पोंचला. १८७६ ते १८७८ या काळांत दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला. माणसें धान्यापेक्षां वेगानें वाढतात, हें कारण व्हाइसरॉय लिटन यांनीं पुढें केलें. त्याच काळांत येथील धान्य परदेशीं जात होतें. हेलिबरीस शिकलेले सर रिचर्ड टेंपल यांनीं खर्च वांचविण्यासाठीं दुष्काळी कामांवरील मजुरी दिवसाला सुमारें अर्धा शेर धान्य व थोडेसे पैसे इतकी खालीं आणली. मुंबई इलाख्यांतील मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू घेतली. निसर्गावर सोडणें याचा अर्थ काय होतो, हें महाराष्ट्रानें त्या वेळीं डोळ्यांनीं पाहिलें. मरणारा नेहमीं गरीबच असतो.

उलट, हस्तक्षेपही निर्दय होऊं शकतो. १९२१ सालीं प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. तें लोकांच्या इच्छेवर चालणारें कार्य होतें. १९५२ सालीं भारत सरकारनें कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हातीं घेतला. परंतु १९७६-७७ या एका वर्षांत ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांत पुष्कळांवर बळजबरी झाली. लोकांचा जो विश्वास गेला, तो परत मिळविण्यास फार काळ लागला.

माल्थस यांच्या काळीं जगांत सुमारें १०० कोटी माणसें होतीं. २०२२ सालीं ८०० कोटी झालीं, आणि धान्य मात्र त्यांच्या हिशेबापेक्षां पुष्कळच वाढलें. भारतांत २०१९ ते २०२१ या काळांतील पाहणींत शाळेंत न गेलेल्या स्त्रियांमागें सरासरी २.८ मुलें, तर बारा वर्षें किंवा अधिक शिकलेल्यांमागें १.८ आढळलीं. शाळा काढा, हा त्या धर्मोपदेशकाचा उपदेश असा खरा ठरला. जुलमानें नव्हे आणि उपासमारीनेंही नव्हे, तर ज्ञानानें व स्वेच्छेनें संसार आटोपशीर होतो. विद्यार्थिमित्रहो, घरीं बहिणीची शाळा बंद करण्याची गोष्ट निघाली, तर माल्थस यांच्या निबंधांतील या भागाची आठवण अवश्य ठेवा.