माळव्याच्या मातीतला गंधर्व

गवयाचा गळा हेच त्याचे धन. त्या गळ्यावरच पहारा बसला तर त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर पंडित कुमार गंधर्वांच्या चरित्रात सापडते.

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म झाला. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हा बालक त्या हुबेहूब गाऊन दाखवी. एका मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली आणि पुढे तेच नाव झाले. मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकताना नक्कल मागे पडली व स्वतंत्र विचार सुरू झाला. १९४७ साली भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले.

कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये हे दांपत्य माळव्यातील देवासला आले. सुमारे पाच वर्षे गाणे बंद! भानुमतीबाईंनी अहोरात्र शुश्रूषा केली. गळा मुका होता, पण कान जागे होते. अंथरुणावर पडल्यापडल्या बायकांची सणावाराची, लग्नकार्याची गाणी कानी येत. नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने येत. चार-पाच सुरांत ही माणसे सारे सुखदुःख कसे मांडतात, याचा या विद्वानाला अचंबा वाटला. त्याने ती गाणी गोळा केली, त्यांचे स्वरलेखन केले. रागाचे मूळ लोकधुनेत आहे, ही त्यांची धारणा येथेच पक्की झाली.

स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाने प्राण वाचले, परंतु एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले. लांबलचक ताना घेणे अवघड झाले, तेव्हा त्यांनी लहान, धारदार स्वरवाक्यांची गायकी घडविली. लोकधुनांतून मालवती, संजारी, लगनगंधार असे नवे राग बांधले. 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' अशा कार्यक्रमांतून ऋतूंची गाणी आणि स्वतंत्र मैफलीतून माळव्याची लोकगीते त्यांनी जाणत्या श्रोत्यांपुढे ठेवली. मूळ माळवी बोली त्यांनी बदलली नाही. परंपरेच्या अभिमान्यांनी नाके मुरडली, तरी ते ढळले नाहीत. १९६५ साली 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ निघाला. १९६१ साली भानुमतीबाई गेल्या. पुढे वसुंधराबाईंनी संसारात व गाण्यात साथ दिली. १९९० साली पद्मविभूषण मिळाले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच हा स्वर निमाला.

आमच्यापैकी अनेकांच्या घरात पुस्तक प्रथम आले ते आमच्याबरोबर. त्याआधी घरात होती ती आजीची जात्यावरची ओवी. पुण्याच्या कॉलेजात आल्यावर ती ओवी चारचौघांत सांगायला जीभ अडखळते. ती अडाण्यांची वाटते. परंतु संगीतशास्त्र कोळून प्यालेला एक गवई आजारपणात अशाच निरक्षर बायकांचा शिष्य झाला. लोकगीताला कर्त्याचे नाव नसते. ज्याने कान दिला त्याच्याजवळ ते राहते. या सुट्टीत गावी गेल्यावर आजीजवळ वही घेऊन बसावे, एवढे तरी या थोर कलावंताच्या चरित्रापासून आपण शिकावे.