मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये लेन्स बसवणाऱ्या पहिल्या डॉक्टरला सहकाऱ्यांनीच वेड्यात काढलं होतं

घरातल्या कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की डॉक्टर विचारतात, लेन्स कोणती टाकायची? मोनोफोकल, मल्टिफोकल की टोरिक? आज आपल्यापुढे एवढे पर्याय आहेत, कारण हॅरोल्ड रिडली नावाचा एक ब्रिटिश डॉक्टर लोकांच्या विरोधाला पुरून उरला.

रिडली यांचा जन्म १० जुलै १९०६ चा, इंग्लंडमधल्या लेस्टरशायरचा. वडीलही नेत्रतज्ज्ञ. केंब्रिजमध्ये शिकून रिडली लंडनच्या सेंट थॉमस आणि मूरफिल्ड्स या हॉस्पिटलांत काम करू लागले. त्या काळी मोतीबिंदूत डोळ्यातली गढूळ झालेली लेन्स काढून टाकत, पण तिच्या जागी काहीच बसवत नसत. मग पेशंटला आयुष्यभर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा.

विमानाच्या काचेतून सुचलेली कल्पना

दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४० मध्ये, गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या विमानावर गोळीबार झाला. कॉकपिटचं छत फुटलं आणि त्याचे तुकडे त्याच्या डोळ्यांत घुसले. हे छत काचेचं नव्हतं, पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचं होतं. अशा जखमींवर उपचार करताना रिडलींच्या लक्षात आलं, की हे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा ते निमूटपणे सहन करतो. पुढे एका विद्यार्थ्याने त्यांना विचारलं, काढलेल्या लेन्सच्या जागी दुसरी का बसवत नाही? रिडलींच्या डोक्यात दोन्ही गोष्टी जुळल्या.

रेनर कंपनीने त्याच जातीच्या शुद्ध प्लास्टिकची लेन्स बनवून दिली. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमसमध्ये रिडलींनी ती पहिल्यांदा बसवली, तीही गुपचूप.

विरोध का झाला?

डोळ्यात गेलेली वस्तू बाहेर काढायची, हा डॉक्टरांचा नियम. इथे एक डॉक्टर स्वतःहून वस्तू आत ठेवत होता. १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत रिडलींनी हे काम मांडलं, तेव्हा सर स्टुअर्ट ड्यूक-एल्डर यांच्यासारखे दिग्गज विरोधात गेले. शंका अगदीच निराधार नव्हती. सुरुवातीची लेन्स जड होती, जागेवरून सरकायची, आणि पहिल्याच पेशंटचा नंबर पार चुकला होता.

पण मूळ कल्पना बरोबर होती. पुढच्या डॉक्टरांनी लेन्स हलकी केली, नंबर मोजायच्या पद्धती सुधारल्या.

मग आजच्या लेन्समध्ये फरक काय?

- कडक लेन्स: रिडलींच्याच प्लास्टिकची, स्वस्त, पण छेद मोठा लागतो.
- फोल्डेबल: घडी करून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जाते.
- मोनोफोकल: एकाच अंतराचं स्पष्ट दिसतं. ती लांबच्या नजरेसाठी बसवली तर वाचायला चष्मा लागतो.
- मल्टिफोकल: चष्म्याची गरज कमी होते, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात.
- टोरिक: चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर असणाऱ्यांसाठी.

रिडलींना उतारवयात मोतीबिंदू झाला, तेव्हा सेंट थॉमसमध्येच त्यांच्या डोळ्यांत लेन्स बसवली गेली. २००० मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, पहिल्या ऑपरेशननंतर तब्बल ५० वर्षांनी. पुढच्याच वर्षी, २५ मे २००१ रोजी, त्यांचं निधन झालं.