एडिसन यांची तळघरातली बॅटरी

थॉमस अल्वा एडिसन यांचे १८ ऑक्टोबर १९३१ रोजी निधन झाले. त्यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी सगळ्या अमेरिकेचा वीजपुरवठा मिनिटभर थांबवून आदरांजली वाहावी, असा एक विचार पुढे आला होता. पण तेवढा वेळ वीज तोडणेही लोकांच्या जिवावर बेतू शकते, हे लक्षात आले. शेवटी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी नागरिकांना स्वतःहून मिनिटभर दिवे मालवण्याचे आवाहन केले. जे जाळे एडिसन यांनी उभे करायला घेतले, ते त्यांच्यासाठीही क्षणभर थांबू शकत नव्हते.

एडिसन यांचा जन्म १८४७ मध्ये ओहायोतील मिलान या गावी झाला. शाळा फारशी झाली नाही, ऐकूही कमी येई. तरुणपणी त्यांनी तारयंत्र चालवण्याची नोकरी केली. तारायंत्रे बॅटरीवर चालत. एकदा रात्रपाळीत प्रयोग करताना सांडलेले आम्ल खालच्या मजल्यावर साहेबांच्या टेबलावर ठिबकले आणि नोकरी गेली, असे सांगतात.

१८७९ मध्ये त्यांचा विजेचा दिवा तासन्‌तास जळू लागला. पण दिवा घरोघरी पोचवायचा तर केंद्र, तारा, फ्यूज, मीटर असे सारेच घडवावे लागणार होते. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून सुमारे ४०० दिव्यांना वीज मिळाली. मीटरही मजेशीर होता. द्रावणात जस्ताच्या दोन पट्ट्या बुडवलेल्या असत. वीज वाहिली की एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर जाई. कंपनीचा माणूस पट्ट्या नेऊन त्यांचे वजन करी आणि त्यावरून बिल निघे. घरातून वीज उलट केंद्राकडे जाईल, हे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

एडिसन यांची वीज एकदिश म्हणजे डीसी होती. ती साधारण मैलभरच नीट पोचे, त्यापुढे तांब्याचा खर्च परवडत नसे. जॉर्ज वेस्टिंगहाऊस आणि निकोला टेस्ला यांची प्रत्यावर्ती म्हणजे एसी वीज ट्रान्सफॉर्मरमुळे दूरवर जाऊ शकत होती. ती किती घातक आहे हे दाखवण्यासाठी एडिसन यांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांना विजेचे धक्के देऊन मारले गेले. हा त्यांच्या कारकिर्दीवरचा डाग आहे. तरीही लढाई ते हरले. १८९२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक स्थापन झाली, तिच्या नावात एडिसन उरले नाहीत.

डीसीचा एक गुण मात्र कायम होता: ती बॅटरीत थेट साठवता येते. आधी शिशाच्या बॅटरीवर एडिसन यांचा विश्वास नव्हता. ती जड, आणि तिच्यातले आम्ल सगळे खाऊन टाकणारे. १८९९ च्या सुमारास, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी निकेल आणि लोखंडाची बॅटरी घडवायला घेतली. हजारो प्रयोगांनंतर ती १९०३ मध्ये बाजारात आली आणि गळू लागली. एडिसन यांनी विक्री थांबवली आणि पुन्हा प्रयोगांना बसले. सुधारित बॅटरी १९०९ मध्ये आली. तिच्या द्रावणात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड मिसळल्याने साठवणक्षमता वाढली होती. ती दणकट ठरली. दोष एवढाच की, चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटे. १९१६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ई-२ पाणबुडीत ही बॅटरी बसवलेली असताना स्फोट होऊन माणसे दगावली.

१९१२ मध्ये न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे त्यांनी एक घर दाखवले. दिवे, शेगडी, कपडे धुण्याचे यंत्र सारे विजेवर, पण बाहेरून एकही तार नाही. जनित्रावर वीज तयार होई आणि तळघरातल्या २७ सेलमध्ये साठे. कल्पना मागे पडली, आणि जाळे पसरत गेले.

आज गच्चीवरचे सौर पॅनेल डीसी वीजच देते. इन्व्हर्टर ती एसी करून जाळ्याच्या ठोक्याशी, भारतात सेकंदाला ५० आवर्तनांशी, जुळवतो. जाळ्यातली वीज गेली की साधा सौर इन्व्हर्टरही बंद पडतो. घरची वीज तारेत उतरली, तर खांबावर काम करणाऱ्या कामगाराचा जीव जाऊ शकतो. अशा वेळी घरात दिवा हवा असेल, तर बॅटरी आणि घराला जाळ्यापासून तोडू शकणारा इन्व्हर्टर लागतो.

बॅटरीची गरज जाळ्यालाही आहे, कारण तयार होणारी आणि वापरली जाणारी वीज क्षणोक्षणी सारखी असावी लागते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभर ९ मिनिटे दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरली. तोल सांभाळायला मुख्यतः जलविद्युत केंद्रे धावून आली. छतावरचे सौर पॅनेल वाढतात तसा असा चढउतार रोजचाच होतो. दुपारी वीज उतू जाते आणि सूर्य मावळताच घरोघरी दिवे लागतात. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत धरून ठेवली, तर हा झोका हलका होतो. एडिसन यांनी तळघरातली बॅटरी जाळ्यापासून सुटण्यासाठी ठेवली होती. आता तशीच बॅटरी जाळ्याला सावरायला हवी आहे.