किचनच्या टेबलावर फुगा बनवला आणि छाती न उघडता हृदयाचं ब्लॉकेज काढून दाखवलं

शेजारच्या काकांची अँजिओप्लास्टी झाली, दोन दिवसांत घरीसुद्धा आले. आज अशी बातमी ऐकली की आपण फार तर तब्येतीची चौकशी करतो आणि कामाला लागतो. पण १९७७ च्या आधी हृदयाच्या धमनीतलं ब्लॉकेज हटवायला डॉक्टरांकडे असा मार्गच नव्हता. एकतर गोळ्या घ्या, नाहीतर छाती उघडून बायपास करा.

हे चित्र बदलणाऱ्या माणसाचं नाव आंद्रियास ग्रुंट्झिग.

जन्म १९३९ चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. वडील दुसऱ्या महायुद्धात गेले. पुढे आंद्रियास पूर्व जर्मनीत वाढला, पण बर्लिनची भिंत उभी राहायच्या आधीच तो पश्चिमेकडे निघून आला. हायडेलबर्गमधून १९६४ साली डॉक्टर झाला आणि १९६९ मध्ये स्वित्झर्लंडच्या झुरिक विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये रुजू झाला.

आता थोडं मागे जाऊ. १९६४ मध्येच अमेरिकेत चार्ल्स डॉटर नावाच्या डॉक्टरांनी पायाची बंद धमनी ऑपरेशन न करता उघडली होती. पद्धत साधी होती. आधी बारीक नळी घालायची, मग तिच्यावरून जाड, मग आणखी जाड. अमेरिकेत याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही, पण ग्रुंट्झिग यांनी ही पद्धत जर्मनीत जाऊन शिकून घेतली.

त्यांना अडचण दिसत होती. जाड नळी आत घालायची तर भोकही मोठं पाडावं लागणार, आणि हृदयाच्या नाजूक धमन्यांमध्ये हे चालणार नाही. त्यापेक्षा बारीक नळी नेली आणि ब्लॉकेजपाशी पोचल्यावर तिच्या टोकाला फुगा फुगवला तर?

कल्पना भारी होती, पण फुगा कशाचा करायचा? रबराचा फुगा ब्लॉकेजला दाबण्याऐवजी जिथे मोकळी जागा मिळेल तिकडे फुगायचा. ठरलेल्या आकारापर्यंतच फुगेल आणि तिथे घट्ट राहील असं काहीतरी हवं होतं. उत्तर सापडलं पीव्हीसी प्लास्टिकमध्ये. दिवसभर हॉस्पिटल आणि रात्री घरच्या किचनमधलं टेबल. पत्नी मिखाएला, सहायक मारिया श्लुंप्फ आणि मारियाचे पती असे सगळे मिळून कापाकापी आणि चिकटवाचिकटवी करायचे.

फेब्रुवारी १९७४ मध्ये हा फुगा पहिल्यांदा पायाच्या धमनीत वापरला. मग कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग झाले. ते १९७६ मध्ये अमेरिकेत मांडले तेव्हा बऱ्याच जणांना हे माणसावर जमेल असं वाटलंच नाही.

१६ सप्टेंबर १९७७. झुरिकमध्ये ३८ वर्षांचा एक रुग्ण टेबलावर होता. ग्रुंट्झिगही तेव्हा ३८ चेच. रुग्ण पूर्ण जागा होता. जांघेतून नळी हृदयापर्यंत गेली, फुगा दोनदा फुगवला आणि धमनी मोकळी झाली. काही बिघडलंच तर बायपास करायला सर्जन ओके सेनिंग यांची टीम तयार होती. तिची गरज पडली नाही.

खरं तर यानंतर छाती फुगवून फिरता आलं असतं. पण १९७९ मध्ये त्यांनी पहिल्या ५० रुग्णांचा हिशेब छापला, तो अपयशासकट. ५० पैकी ३२ जणांमध्ये यश आलं होतं. पाच जणांना तातडीने बायपास करावी लागली होती, तेही लिहिलं.

शिकवण्याचंही तसंच. १९७८ पासून ते जगभरातल्या डॉक्टरांना झुरिकला बोलवायचे आणि टीव्हीच्या पडद्यावर लाईव्ह केस दाखवायचे. फसली तर तीही सगळ्यांसमोरच फसायची. त्यामुळे शिकायला आलेल्यांना धोका कुठे आहे आणि कोणत्या रुग्णाला हात लावायचा नाही हेही कळायचं.

झुरिकमध्ये बेड आणि लॅबची वेळ पुरेना, म्हणून १९८० मध्ये ते अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेले. तिथे कामाचा पसारा प्रचंड वाढला. पण २७ ऑक्टोबर १९८५ ला ते स्वतः चालवत असलेलं छोटं विमान खराब हवामानात जॉर्जियात कोसळलं. सोबत दुसरी पत्नी मार्गारेट अ‍ॅन होत्या. दोघेही गेले. ग्रुंट्झिग यांचं वय होतं अवघं ४६.

फुग्याने उघडलेली धमनी बऱ्याच रुग्णांमध्ये काही महिन्यांत पुन्हा आकसायची. तो प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही. धमनीला आतून आधार देणारा स्टेंट माणसाच्या हृदयात पहिल्यांदा बसला तो १९८६ मध्ये, फ्रान्समध्ये. ग्रुंट्झिग यांना तो बघता आला नाही.

पण १९७७ च्या त्या पहिल्या रुग्णाची दहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा फुग्याने उघडलेली ती धमनी अजून मोकळीच होती. आजही स्टेंट बसवताना तो जागेवर पोचवून उघडायला बहुतेक वेळा नळीच्या टोकावरचा फुगाच लागतो.