प्रबंध आणि राजकारण : लंडनमधले बाबासाहेब

विद्यापीठात शिकायला जा, राजकारण करू नका, असा उपदेश आपल्या मुलामुलींना सतत ऐकावा लागतो. बाबासाहेबांचे लंडनमधले विद्यार्थिजीवन हेच त्याला उत्तर आहे.

१९१६ मध्ये ते कोलंबियातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांनी आणि मित्र नवल भथेना यांनी मदत केली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले आणि १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले.

दिवस ग्रंथालयात जायचा, पोट अर्धे रिकामे असायचे. तरीही ते गप्प बसले नाहीत. विद्यार्थी संघापुढे त्यांनी भारतातील जबाबदार राज्यपद्धतीवर निबंध वाचला. प्राध्यापक हॅरॉल्ड लास्की यांनाही त्यातले विचार क्रांतिकारक वाटले आणि बाबासाहेबांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

पुढे रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध ब्रिटिश धोरणावर टीका करणारा ठरला. १९२३ मध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. पैसे संपत आले होते. बाबासाहेब मुंबईला परतले, प्रबंध नव्याने लिहिला; निष्कर्ष मात्र तेच ठेवले. त्याच वर्षी डी.एस्सी. मंजूर झाली. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली.

मित्रमैत्रिणींनो, सभेसाठी प्रबंध सोडू नका आणि प्रबंधासाठी तोंड बंद ठेवू नका. बाबासाहेबांनी दोन्ही केले.

जय भीम!